थंड हवेचे मिस्त्री

भर मे महिन्यात ज्यांना थंडी वाजायची असे गृहस्थ सगळ्या चांदा जिल्ह्यात एकच होते, आणि ते आमच्या बंगल्यावर कामाला होते. त्यांचा उजवा हात माझ्यामुळे निकामी झाला. दोन्ही गोष्टी एका दमात लिहून टाकते आहे, कारण पहिली लिहून झाल्यावर दुसरी मी उद्यावर ढकलली असती. तशी ती मी चार वर्षं ढकललीच आहे.

वडील तेव्हा अहेरीपलीकडच्या जंगलात एका लाकूड कंपनीचे मॅनेजर होते. कंपनीचे मालक मुंबईला राहत आणि वर्षातून दोनदा सागवान बघायला येत. त्यांना इथला उन्हाळा सोसेना, म्हणून त्यांनी परदेशातून थंड हवेचं यंत्र मागवलं. ते चार पेट्यांत भरून चांद्याहून लॉरीनं आलं, आणि बसवायला आरमोरीहून मिस्त्री आले. लाकूड कापायच्या इंजिनावर कंपनीची स्वतःची वीज होती. बंगल्याच्या मागच्या खोलीत यंत्र बसलं आणि तिथून छताच्या पोकळीतून पत्र्याचे मोठे चौकोनी नळ दिवाणखान्यात आणि वडिलांच्या ऑफिसात उतरले. गार हवेनं नळांना बाहेरून घाम येतो आणि छत कुजतं, म्हणून मिस्त्रींनी बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले, आत बारदान भरलं आणि आजारी माणसाला गोधडीत गुंडाळावं तसे ते नळ गुंडाळले. मिस्त्रींचं नाव पगाराच्या कागदावर असेल. आम्ही सगळे त्यांना थंड हवेचे मिस्त्री म्हणत असू. पोस्टमनसुद्धा तसंच म्हणे.

यंत्र चालू झालं त्या दिवसापासून मिस्त्रींच्या गळ्यात लोकरीचा मफलर आला. बाहेर झाडावरचे कावळे चोच उघडी टाकून बसलेले असत, आणि हे मफलर कानावरून घेऊन दिवाणखान्यात शिरत. दोन मिनिटांत तीन शिंका देत आणि बाहेर येऊन उन्हात उभे राहत. "हवा मस्त होऊन राह्यली," असं शिंकेतूनच सांगत. आपण केलेली थंडी आपल्याला सोसत नाही याचं त्यांना दुःख नव्हतं, उलट अभिमान होता. हवा किती गार झाली ते मोजायला त्यांच्याकडे पाऱ्याची काचेची नळी होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहत आणि जिलबी तळणाऱ्यानं तूप हुंगावं तशी हवा हुंगत. एकदा मालकांसमोरच म्हणाले, "ही हवा कालची आहे साहेब. जाळी धुतली नाई कोनी." जाळी धुवायचं काम त्यांचंच होतं. ते लगेच आठवून, स्वतःवरच चिडून, बादली घेऊन मागे गेले.

त्यांची सगळ्यात मोठी कीर्ती चपलेची. यंत्र उघडायच्या आधी मेन स्विच खाली ओढायचा आणि तो कुणी वर करू नये म्हणून खूण करायची, असं यंत्राबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात होतं. मिस्त्रींनी पाटी लावली नाही. ते उजव्या पायातली चप्पल काढून स्विचच्या दांड्याला अडकवत. "पाटी वाचाले शिकाव लागते. चपलेले हात लावाले कोनी येत नाई," असं त्यांचं म्हणणं. काम चालू असेपर्यंत ते एका पायात चप्पल घालून सगळ्या आवारात हिंडत, आणि दुरून नुसती चाल पाहून स्वयंपाकघरात कळे की आज गार हवा मिळणार नाही. वडिलांना हे आवडत नसे. "अहो, मालकांच्या पाहुण्यांसमोर चप्पल टांगता?" मिस्त्री नम्रपणे म्हणत, "पाहुण्यायसाठीच तर टांगली जी. तुमी तं मले ओळखता."

ते इंग्रजी पुस्तक मिस्त्रींना मी वाचून दाखवत असे. मी नागपूरच्या मिशनच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकत होते आणि सुट्टीत घरी यायची. इंग्रजी माझं चांगलं होतं. मराठी घरातल्या घरात बोलण्यापुरतं होतं, आणि घरातही मी फारशी बोलत नव्हते. मिस्त्री उंबऱ्याबाहेर बसून पोथी ऐकावी तसं ऐकत. प्रत्येक धोक्याची सूचना तीन वेळा वाचायला लावत. मला शब्द सापडायचे नाहीत, मी अडखळायची. ते कधी हसले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "लिवणारा माणूस लय भेते, बाई. ज्यानं मशीन बनवली तोच इतका भेते, मंग आपन काऊन भेऊ नये?" माझ्याशी इतका वेळ बोलणारं त्या जंगलात दुसरं कुणी नव्हतं.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं. यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत निघून जावी म्हणून तार पुरायची, आणि जिथे पुरली तिथली माती कोरड्या ऋतूत ओली ठेवायची. हे वाक्य मी स्वतः त्यांना मराठीत सांगितलं होतं. म्हणजे मला ते माहीत होतं.

मिस्त्रींनी बागेच्या कडेला पुरुषभर खड्डा खणला, तळाशी तांब्याचा पत्रा ठेवला आणि वर कोळसा आणि मिठाचे थर दिले. पोतंभर मीठ गेलं. तो बाजाराचा दिवस होता. चारोळी न् डिंक देऊन त्याबदल्यात ओंजळभर मीठ घेऊन परतणारे लोक कुंपणाशी उभे राहून ते बघत राहिले. बागेला पाणी घालणारी जानकाबाई जवळच्याच गोंड वस्तीतली. ती मिस्त्रींना म्हणाली, "आमाले मीठ मोजून भेटते आन् याले पोतंभर! कोन हाय जी हा?"

"हा आहे म्हून आपन आहो, असं समज," मिस्त्री म्हणाले. "रोज दोन गुंड पाणी पायजे याले. मी असो का नसो."

"एवढं मीठ खाते तं देवच असंल," जानकाबाई म्हणाली, आणि कुंपणापलीकडचे सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी आधी खड्ड्याला दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी घाली आणि मग बागेला. विटांच्या कडेला तिनं हळदीचं बोट लावलं, एखादं फूल ठेवलं. मिस्त्री जाता येता त्या फुलाकडे बघून मान हलवत. "पुस्तकात ही गोष्ट नाई," ते मला म्हणाले, "पण लिवाले पायजे होती."

मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या मे महिन्यात माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी चार दिवस राहायला आल्या. मिस्त्री तेव्हा पंख्याचा जादा पट्टा आणायला चांद्याला गेले होते. मैत्रिणी नागपूरच्या मोठ्या घरांतल्या होत्या. आमच्या घरात काय काय आहे ते त्या बघत होत्या आणि त्या काय बघतात ते मी बघत होते. सकाळी बागेत त्यांना हळद लावलेल्या विटा आणि फूल दिसलं. एकीनं इंग्रजीत विचारलं, हे काय? मला एकदम वाटलं की आता हे सगळं जंगल माझ्या अंगाला चिकटणार. मी इंग्रजीत म्हणाले की ती नुसती तार आहे, आणि या लोकांना तो देव वाटतो. त्या हसल्या. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी जानकाबाईकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात मराठीत बोलले: "जानकाबाई, तो देव नाही. मिठाचा खड्डा आहे. फुलं काय वाहता, पाणी काय घालता! लोक हसतात."

जानकाबाईच्या कमरेवर भरलेला गुंड होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. "आमाले ठाव हाय, बाई, तार हाय ते," ती हळूच म्हणाली. "मिस्त्रीभाऊनं सांगतलं म्हून टाकतो. कोनाच्या जिवासाठी असंल तं एक फूल ठेवलं." तिनं वाकून हळद पदरानं पुसली, फूल उचललं आणि गुंड गुलाबांवर रिता केला.

दुसऱ्या दिवशी ती खड्ड्याकडे आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सगळं बघत असते. ते एवढंच मला चांगलं येतं. विटांमधली माती पांढरी पडली, मग तिला भेगा गेल्या. मैत्रिणी गेल्या. मी रोज खिडकीतून त्या भेगा पाहिल्या आणि मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. एक गुंड पाणी मी स्वतः नेऊन ओतू शकले असते. पण जानकाबाईनं पाहिलं असतं. आठ दिवस मी तेवढ्यासाठी गेले नाही.

नवव्या दिवशी मिस्त्री परत आले. त्यांची एक सवय सांगायची राहिली. बाहेरगावाहून आले की हातपाय धुवायच्याही आधी ते मागच्या खोलीत जात आणि चालू यंत्रावर उजवा तळहात ठेवत, लेकराचा ताप बघावा तसा. ते नसताना उंदरांनी आतल्या तारेवरचं कापड कुरतडलं होतं. माती ओली असती तर वीज खाली गेली असती, फार तर फ्यूज उडाला असता. मी जेवणघरात होते. लोखंडी दार आपटल्यासारखा आवाज आला.

जीव वाचला. अहेरीच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले, दोन बोटं काढावी लागली, बाकीची मिटेनात. मालकांचा माणूस चौकशीला आला. त्यानं खड्डा पाहिला आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर विचारलं, "इथे पाणी घालायचं काम कोणाचं?" जानकाबाई पायरीखाली उभी होती. मी दाराच्या पडद्यामागे होते.

"माहंच जी," मिस्त्री म्हणाले. हाताला पांढरं फडकं होतं आणि गळ्यात मफलर. "जाताना कोनाले सांगाचं राहून गेलं. माही चूक."

वडील चिडून म्हणाले, "एवढी चप्पल टांगत होता, आणि हे विसरलात?" मिस्त्रींनी मान खाली घातली. मी पडदा धरून उभी राहिले. त्यांनी मला वाचवलं असं माझ्या मनानं घेतलं, आणि त्या लाजेतही मला थोडं बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मिस्त्री आरमोरीला परत गेले. यंत्र मालकांनी बंद करून टाकलं. पावसाळ्यानंतर जानकाबाईनंही काम सोडलं.

मागच्या महिन्यात नागपूरहून येताना मी आरमोरीला उतरले. बाजारात कंदील-स्टोव्ह दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान आहे. मिस्त्री डाव्या हातानं स्टोव्ह धरतात आणि पेच त्यांची बायको पिळते. उन्हाळा मी म्हणत होता आणि गळ्यात मफलर नव्हता. त्यामुळे मी त्यांना आधी ओळखलंच नाही. त्यांनी मला ओळखलं. स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला, वडिलांची चौकशी केली. मी न बसताच म्हणाले, "मिस्त्रीभाऊ, ते पाणी माझ्यामुळे बंद झालं होतं."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "जानकाबाई दवाखान्यात आली होती. तवाच सांगतलं तिनं."

"मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलं? मला वाचवायला कशाला..."

"तुमाले?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुमचं का होनार होतं, बाई? साहेब दोन शब्द बोलले असते, तुमी रडल्या असत्या आन् संध्याकाळी जेवल्या असत्या. पाण्याचं काम त्या बाईचं होतं. तिले त्याच घडीले हाकललं असतं. घरात खानारे पाच."

"मोठे आले वाचवनारे," त्यांची बायको पेच पिळता पिळता म्हणाली. "तिनं काम सोडलंच. आन् मी इथी बसली मिस्त्रीन होऊन!"

मिस्त्री हसले. मग म्हणाले, "दरसाल येते चारोळी घेऊन. या हाताकडे पाहाते आन् रडते. म्हणते, माह्याच हातानं झालं. मी सांगून थकलो. माह्या सांगण्यानं तिले पटत नाई." त्यांनी डाव्या हातानं स्टोव्ह बायकोकडे फिरवला. "तुमच्या सांगण्यानं पटंल."

मला माफी मागायची होती. ती कुणाची मागायची हे ठाऊक नव्हतं.

गेल्या बाजाराच्या दिवशी मी अहेरीला गेले. जानकाबाई चिंचेखाली चारोळीचं गाठोडं सोडून बसली होती. मला पाहून तिनं पोतं सरकवलं. "बसा छोट्या बाई, ऊन लागून राह्यलं. मिस्त्रीभाऊकडे गेल्या होत्या म्हणे? हात कसा हाय त्याचा?"

"त्या हाताचंच सांगायला आले," मी म्हणाले, आणि सांगितलं. पुस्तकातलं वाक्य सांगितलं, खिडकी सांगितली, ते आठ दिवस सांगितले. मराठी अडखळत होतं. तिनं मध्ये एकदाही मला शब्द सुचवला नाही. सांगून झालं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं चारोळी मापून दिली. मग पदरानं हात पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा आरमोरीले जाईन तं रडनार नाई."