बाण कशाचा?

आमच्या प्रोफेसरबाईंची आयुष्यभराची कमाई म्हणजे एक खंदक. जर्मनीच्या सीमेजवळच्या डच शहरात त्यांनी तरुणपणी उत्खननासाठी तो खणला, त्यात एक जुना पाट सापडला आणि दक्षिणेच्या झऱ्यावरून रोमन लोक याच पाटाने शहराला पाणी नेत, असं ठासून मांडलं. आता तिथे घरांची रांग आहे. उरलाय फक्त एक फोटो. तळाशी लाकडी बाण ठेवलेला, टोक शहराकडे.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या सन्मानार्थ निघणाऱ्या पुस्तकात त्या पाटावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही राहतो त्या डीमन गावाहून ट्रेनने विद्यापीठात जाताना लॅपटॉपवर फोटो बघत होते आणि एकदम वाटलं, अगं बाई, हा बाण नक्की कशाचा? आम्ही सगळे तो पाण्याच्या दिशेचा समजत आलो. पण खोदकामाच्या फोटोत बाण ठेवतात तो उत्तर दाखवायला! शहरही उत्तरेलाच, म्हणून इतकी वर्षं कुणाला शंका आली नाही. बाण उत्तरेचा असेल, तर तो शहराला पाणी देणारा पाट होता की शहराचं सांडपाणी नेणारं गटार, याला पुरावाच नाही. जमीन पोळपाटासारखी सपाट, आणि उंचीची जुनी मापं कुठे सापडेनात.

डोकं नुसतं भणभणलं. बाण नेमका उत्तरेला आहे की पाटाच्या रेषेत जरा कललाय, हे सावलीवरून कळेल म्हणून फोटो मोठा करून पाहिला, तर आभाळ भरलेलं. या देशात सावलीलासुद्धा वशिला लागतो! नवरा म्हणाला, उगाच डोकं पिकवू नकोस, त्यांनाच विचार. म्हणे विचार! त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर बोळा फिरवायचा, तोही त्यांनीच इथे आणलेल्या विद्यार्थिनीने? गप्प बसले तर खोटी, बोलले तर कृतघ्न.

शेवटी बाईंच्या घरी गेले. कॉफी झाल्यावर छापून नेलेला फोटो पुढे केला आणि विचारलं. बाईंनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. आधी म्हणाल्या, पाण्यासाठीच ठेवला होता. मग म्हणाल्या, उत्तरेसाठी असेल. मला रडू यायला लागलं. म्हटलं, राहू दे, सगळे मानतात तसंच लिहिते.

"नाही," त्या म्हणाल्या. "लिही, की मला आठवत नाही. माझ्या नावानिशी लिही, आत्ता, माझ्यासमोर."

इथे प्रोफेसरलाही नावानेच हाक मारतात, पण माझी जीभ कधी रेटली नव्हती. मी लॅपटॉप उघडून त्यांचं नाव टाइप केलं आणि पुढे 'आठवत नाही' लिहायला हात चालेना.