लाओसच्या आधी आंदर मावळ: दोन दिवस, एक सायकल आणि तिसरी हाक

लाओसला सायकलवर जायचं हे कसं ठरलं ते विचारू नका. रात्रभर थायलंडचे व्हिडिओ बघत होतो, बोट घसरलं आणि नदीच्या पलीकडे गेलो. तिथं चुनखडीचे काळे डोंगर, मधोमध भातखाचरं, लाल मातीचा रस्ता आणि त्यावर गाडी म्हणून नाही. म्हटलं, हे तर आपलं मावळ! फक्त वीकएंडची गर्दी वजा केलेलं.

मित्र प्रतीक बरोबर येणार होता. बँकॉकपर्यंत विमान, तिथून रात्रीची रेल्वे, मग मेकाँगचा पूल ओलांडून व्हिएन्तियान आणि पुढं दक्षिणेला पेडल. व्हिसा पोचल्यावर मिळतो असं वाचलं होतं (तुम्ही जाण्याआधी स्वतः तपासा, नियम बदलतात). सायकल खोक्यात कशी भरायची ते आम्ही दोनदा करूनही बघितलं. मग प्रतीकचं लग्न ठरलं.

"लाओसला नंतर जाऊ की," म्हणाला. "बायकोला घेऊन."

"सायकलवर?"

"येडा आहेस का?"

आता एकट्यानं जायचं, तर आईनं माझा पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, मोबाईलचं दुकान अर्ध्यात सोडलं, तेव्हा तिचंही बरोबर होतं. बाबा म्हणाले, जाऊ दे त्याला, बुद्धाचा देश आहे. आई म्हणाली, "आधी आंदर मावळात दोन दिवस एकटा जाऊन दाखव. सगळं ओझं घेऊन. मधूनच परत आलास, तर लाओस विसरायचं."

म्हणजे हे प्रवासवर्णन लाओसचं नाही, लाओसच्या परीक्षेचं आहे. आणि त्या परीक्षेत मी स्वतःच एक जास्तीचा पेपर घातला: दोन दिवस मराठी बोलायचं नाही. हिंदी नाही, इंग्रजीही नाही. फक्त खुणा आणि पाठ केलेले दोन लाओ शब्द. सबायदी म्हणजे नमस्कार, खोप चाय म्हणजे आभार. परक्या देशात परकं असणं कसं असतं, ते घरच्या घरी बघू म्हटलं.

दिवस पहिला

श्रावणातला शनिवार. लोणावळ्यातून निघताना गाड्यांची रांग, चिक्कीच्या दुकानांसमोर छत्र्या, धुक्यात सेल्फी. मी मक्याचं कणीस खायला थांबलो आणि खुणेनंच तिखट जास्त सांगितलं. भाव मात्र पर्यटकाचा लागला, वर वाद घालायची सोय नव्हती.

जुन्या हायवेनं कामशेत, पुढं कान्हे फाटा, तिथून डावीकडं टाकवे. हायवेला कडेची पट्टी बरी आहे, ट्रक मात्र अंगावर येतात. मागच्या दोन्ही पिशव्यांत तंबू, पंक्चरचं सामान, स्टोव्ह आणि ओझं भरायला आईचेच तांदूळ. टाकव्याच्या पुढं रस्ता अरुंद होतो. तिथल्या टपरीवर चहा मागायला मी दोन बोटं ओठांना लावली.

"मुका हाय वाटतं," चहावाला म्हणाला.

"न्हाई रं, फॉरेनर आसल," बाकड्यावरचे आबा.

"ह्यो फॉरेनर? त्वांड बगा की आबा. आपल्या कामशेतचा वाटतोय."

"सबायदी," मी म्हणालो.

मग आबा हळूच म्हणाले, "कामशेतचा न्हाई."

हसू दाबत निघालो. मुक्काम एका समाजमंदिराच्या ओट्यावर केला. भात शिजवला, डास मोजले नाहीत. इथपर्यंत परीक्षा सोपी होती.

दिवस दुसरा

सकाळी पठाराच्या वाटेला लागलो आणि धुकं असं उतरलं की पुढचं चाक दिसेना. फोनला रेंज नाही, नकाशा अर्ध्यात अडकलेला. एका फाट्यावर मी गाडीवाटेचा फाटा घेतला, कारण त्या बाजूनं गाईच्या घंटेचा आवाज येत होता. (हेच माझं आयुष्य. कुठूनही आवाज आला की वळतो.)

वाटेत शेवाळलेला कातळ होता. चाक सटकलं, मी आडवा, ओझं माझ्यावर. "आई!" तोंडातून गेलं. गुडघा बघितला आणि परत, "आई गं!" मग स्वतःलाच हसलो. मराठी बोलायचं नाही म्हणे!

थोडं पुढं वाडी लागली. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून तिथं जाणारे निघतील. वेशीवर शेंदूर लावलेला धोंडा, त्यापलीकडं पाच-सहा घरं. एक मावशी डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन गोठ्याकडं निघाल्या होत्या. मी हात जोडले. "सबायदी." मग रस्त्याकडं बोट दाखवलं.

मावशी थांबल्या. पण माझ्याकडं नाही, माझ्या खांद्याच्या मागं बघत राहिल्या.

घरातून पुरुषाचा आवाज आला. "कोन हाय?"

मी हसून हात हलवला.

"कोन हाय म्हन्तो मी?"

बोलावं असं वाटलं. पण संध्याकाळपर्यंतच तर राहिलं होतं, आत्ता कशाला मोडायचं?

"कोन हाय?" तिसऱ्यांदा. आवाज उतरला होता. मग ते दारात आले, मावशींचा दंड धरला. "आत चल. बोलू नगं. बगू बी नगं."

कडी लागली. शेजारच्या घराची लागली. मग त्याच्या पुढच्या. धुक्यात नुसत्या कड्यांचे आवाज, एकामागून एक, वाडीच्या टोकापर्यंत.

थोड्या वेळानं मावशी पुन्हा बाहेर आल्या. मान खाली. वेशीच्या धोंड्यावर पानात भाकरी आणि ठेचा ठेवला आणि पाठ न फिरवता, मागं मागं चालत घरात गेल्या. किती भले लोक, मी मनात म्हटलं. नाचणीची गरम भाकरी होती. अर्धी खाल्ली, दिसेल त्या वाटेनं निघालो. चढ, वळण, ओढा, पुन्हा चढ. आणि समोर शेंदराचा धोंडा. त्यावर पान, पानावर माझी अर्धी भाकरी.

पुन्हा गेलो, दुसऱ्या वाटेनं. पुन्हा अर्धी भाकरी. आता ती गार झाली होती.

आमच्या घरी भूतखेत नसतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव, भुतं, उतारे सगळं एकदमच सोडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बस. पण त्या धोंड्यापाशी उभं राहून मला एवढंच कळलं की इथं एक भूत नक्की आहे आणि सगळी वाडी त्याच्यापासून दडून बसलीय. आणि त्या भुताच्या हातात माझी सायकल आहे.

परीक्षा गेली खड्ड्यात. मी ओरडलो, "ओ मावशी! वाट चुकलोय!"

काही नाही.

"ओ मावशी!"

दाराआडून पुरुषाचा दबका आवाज आला. "दोन झाल्या."

आत कोणीतरी मोजत होतं. घसा फुटेस्तोवर तिसऱ्यांदा हाक मारली. "मावशी!"

कडी निघाली. मग सगळ्याच निघाल्या.

"आरं मान्साचं पोर हाय हे!" मावशी कपाळावर हात मारत आल्या. "मग मगाशी वाचा बसलीवती का तुजी? ह्यांनी तीनदा इचारलं!"

चुलीपाशी बसवलं, चहा दिला. त्यांचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, अजून जरा लांबच बसले होते. ते म्हणाले, धुक्यात हाक आली की पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. "जे मानूस न्हाई, त्येला तिसरी हाक मारता येत न्हाई. आन् तीनदा इचारून बी जे बोलत न्हाई, त्येला भाकर ठिवायची नि दार लावायचं."

"म्हणजे ती भाकरी..."

"तुलाच ठिवलीवती," मावशी म्हणाल्या. "म्हंजे, तुला न्हाई. खाल्लीस?"

"अर्धी."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे आता," भाऊ म्हणाले.

निघताना त्यांनी स्वतः डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. धोंड्यापाशी थांबून विचारलं, "मगाशी वर कातळावर 'आई आई' कोन वरडत हुतं?"

"मीच. पडलो होतो."

"ऐकलं आमी. पन दोनदाच वरडलास," ते म्हणाले. "म्हनून कुनी आलं न्हाई."

घरी

कामशेतला मिसळ खाल्ली, हायवेनं संध्याकाळी लोणावळा गाठला. गुडघा दिसू नये म्हणून फुल पँट चढवूनच घरात शिरलो. दोन दिवस पूर्ण, ओझ्यासकट. काहीच झालं नाही, छान झालं, असं आईला सांगितलं.

तिनं ताट वाढलं. भाकरी एका बाजूनं काळी. आईची भाकरी करपलेली मी जन्मात बघितली नव्हती.

बाबा बातम्या बघत होते. आई माझ्याजवळ बसली, आवाज बारीक केला. "सकाळी भाकऱ्या थापत होते. तुझी हाक आली. दोनदा."

मी भाकरीची काळी बाजू उलटून बघितली.

"तिसरीची वाट बघत दारात उभी राहिले, तोवर तव्यावरची भाकरी करपली. तिसरी आलीच न्हाई. बाबांना सांगू नको, आपल्यात असलं काही नसतं."

तेव्हा मला तिचा फोन आठवला. मी कुठूनही लावला तरी आई पहिल्यांदा उचलत नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाच उचलते. मला कायम वाटायचं, म्हातारीला चष्मा सापडत नसेल. तिचं माहेर पवन मावळातलं, धरणाच्या वरच्या अंगाचं. धुकं तिकडंही तसंच असतं.

मी पँट वर करून गुडघा दाखवला. तिनं हळद आणली. मग कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या आणि पासपोर्ट ताटाशेजारी ठेवला.

"जा," म्हणाली. "पण तिकडं पडलास तर दोनवर थांबू नको."

तर मंडळी, लाओस नक्की आहे. सायकल पुन्हा खोक्यात भरतोय. गप्प राहायचा पेपर रद्द, उलट लाओ भाषेत 'वाट चुकलोय' कसं म्हणायचं ते पाठ करतोय. आंदर मावळात तुम्ही गेलात तर टायर रुंद घ्या, नकाशा आधी उतरवून ठेवा, आणि कोणी विचारलं तर पहिल्याच झटक्यात बोला.

हे लिहीत बसलोय तर बाहेर धुकं आहे आणि अंगणातून माझ्या नावानं हाक आलीय. आईचाच आवाज. चहा झाला असणार.

आत्ता दुसरीही आली.

मी बसूनच आहे.