सोलांचा राखणदार

लग्न होऊन घाटावरून मालवणला आले तेव्हा माझी शाळा सहावीतच सुटलेली आणि ओळखीचं माणूस एकही नाही. नवरा सरकारी कचेरीत शिपाई. ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. भाड्याचं घर माडांच्या गर्द सावलीत होतं. आत भरदुपारीही काळोख.

पहिला मुलगा दीड वर्षाचा झाला तरी उभा राहीना. धरून उभा केला की पाय गुडघ्यांपाशी बाहेर वाकायचे. मला वाटलं, नजर लागली. मग घोट्यापर्यंत अंगडं, डोक्याला टोपडं, आणि माजघरातून बाहेर काढायचं नाही. पाय जितके वाकत गेले तितकं मी त्याला झाकत गेले.

शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायच्या. एकदा विरजण मागायला आल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "गो, तुझो झील काय लोणच्याची बरणी आसा? काळोखात कित्याक ठेवलंस त्याका?"

मला रडूच फुटलं. त्यांनी अंगडं वर करून पाय बघितले आणि विरजणाची रिकामी वाटी तिथंच ठेवून मला डॉक्टरांकडे नेलं.

"मुडदूस आहे," डॉक्टर म्हणाले. "अंगाला ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडलंय. हाडं मऊ राहिलीत. थेंब देतो, पण सकाळी उघड्या अंगानं उन्हात बसवा."

"चालेल ना तो?"

"लहान आहे अजून. बहुतेक चालेल."

त्या 'बहुतेक'नं माझा जीव पोखरला. वाटेत मी म्हटलं, "मावशी, उन्हानं काळा पडेल हो."

"पडांदे. आत्ताच काय लग्नाक चेडवां बघूक जातलो?"

आमच्या दारात ऊन नव्हतं, म्हणून रोज सकाळी त्याला त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवू लागले. थेंब चालूच होते. वैशाखात मावशींनी सोलं वाळत घातली. कोकमाची सालं ती, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा चटईवर पसरायची. कावळे हाकायला कुणीतरी लागतं. त्यांनी माझ्या मुलाच्या हातात काठी दिली. "ह्यो माझो राखणदार."

एका सकाळी मी त्यांच्या विहिरीवर पाणी शेंदत होते. चटईवर कावळा उतरला. मुलगा ओरडला, काठी टेकून उठला आणि ओल्या सोलांवरून थेट कावळ्यामागे निघाला. मी कळशी टाकून धावले. त्यांची वर्षाची सोलं पायाखाली जात होती. मावशींनी माझा दंड धरला.

"थांब गो. चलांदे."

चटईच्या टोकाला जाऊन तो धपकन बसला. तळवे लालभडक.

"सोलं खराब झाली हो," मी म्हटलं.

"खराब कसली? ह्या वर्साची कढी तुझ्या झिलाच्या पायाची."

पुढं हळूहळू पाय सरळ झाले. डावा अजून किंचित बाक धरून आहे.

त्या पावसाळ्यात मावशींकडून वाटीभर कढी आली. मला आंबट सोसत नाही. तरी ती वाटी मी बोटानं पुसून घेतली.