पोचा चालेल, तडा नको

मला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी बाकी सगळ्यांनी माझं तोंड बघितलं, नानांनी कपाचं बूड बघितलं. डोक्यावर टोपी, अंगात तेलाचे डाग न गेलेला खाकी शर्ट अशा त्या गृहस्थांनी चहा संपवला आणि रिकामा कप उपडा करून डोळ्यांसमोर धरला. मग बशी. मग बसल्या जागी वाकून खुर्चीखाली डोकावले. सोलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांच्या माना त्या खुर्चीकडे वळल्या. माझ्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांचं काही पडलं. नाना सरळ झाले आणि शेजारी बसलेल्या पुतण्याला म्हणाले, "दत्तू, बुडाला राख न्हाई. घर घासूनपुसून ऱ्हातंय. मला पसंत हाय." तो पुतण्या म्हणजे आमचे हे. माझ्या चेहऱ्याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोललं का, ते मला आठवत नाही. बोललं असतं तर बहुधा आठवलं असतं.

लग्न होऊन कुरुळीला आले, तेव्हा सासरच्या माणसांना मी चेहऱ्यांवरून ओळखायला शिकले आणि नानांना पायांवरून. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणारे ट्रक नाना दुरुस्त करत. घरापुढच्या चिंचेखाली कायम एखादा ट्रक उभा असे आणि त्याखालून दोन भेगाळलेले पाय बाहेर आलेले असत. मी चहा घेऊन गेले की पाय हलत आणि आतून आवाज येई, "ठेव सूनबाई, चाकापाशी." चेहरा यायचा तो संध्याकाळी, जेवायच्या वेळेला.

दिवसभर गाड्यांच्या बुडाशी राहून की काय, नानांना जगातली प्रत्येक वस्तू खालून बघायची सवय जडली होती. माठ घेताना ते उपडा करत, चपला घेताना आधी तळवा बघत आणि पलंग घ्यायचा तर सुताराच्या दुकानात त्याच्याखाली जाऊन पडत. नानी बिचारी पदर तोंडाला लावून दुकानाबाहेर उभी राही. "वरनं समदंच ग्वाड दिसतं," हे नानांचं उत्तर. माणसांनाही तोच न्याय. शब्दाला न जागणाऱ्याला ते शिवी देत नसत, "बिनबुडाचं हाय," एवढंच म्हणत आणि त्या माणसाचा विषय संपे. माझी मुलगी झाली तेव्हाही सगळे नाक कुणासारखं, डोळे कुणासारखे यावर वाद घालत होते; नानांनी दुपटं बाजूला करून तिचे तळवे बघितले आणि समाधानानं मान हलवली.

आमचे हे चिंचवडला एका कारखानदार साहेबांची गाडी चालवत. नोकरी होती, पण कच्ची. आमच्या भागात तेव्हा माणसाच्या दोनच जाती होत्या, पर्मनंट आणि टेंपररी. पर्मनंट माणूस ओट्यावर बसला की त्याला आधी चहा मिळे, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाई. टेंपररी माणसानं पुढच्या महिन्याचं बोलायचंच नाही. यांना गाडी चालवण्याची विद्या देवानं दिली होती आणि कारखान्यात नव्या गाड्या चालवून बघणारा टेस्ट ड्रायव्हर व्हायचं, हे एकच स्वप्न होतं. ते पुरं व्हावं म्हणून मी सोमवार धरले होते.

साहेबांकडे एक लांबलचक अमेरिकन गाडी होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलत आणि वेग असा, की वाटेतली मोशी कधी मागे पडली ते कळत नसे. साहेबांच्या मनानं घेतलं की ही गाडी रॅलीत उतरवायची. वरंध्यानं कोकणात उतरायचं आणि ताम्हिणीनं वर यायचं. चालवणार आमचे हे. साहेब म्हणाले, "दत्तू, नंबर आला तर आनंदच आहे. पण गाडी स्वतःच्या चाकांवर परत आणलीस, तर तुला कारखान्यात पर्मनंट करतो."

अडचण अशी झाली, की सरावाला घाटात नेली तेव्हा गाडी अर्ध्या चढावर रुसली. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. अशा गाडीच्या गिअरबॉक्सखाली तेलाचं एक परातीसारखं भांडं असतं, मेकॅनिक लोक त्याला चेंबर म्हणतात. ते उथळ होतं, तेल थोडं मावे आणि चढावर उकळे. खोल चेंबर बसवणं भाग होतं. साहेबांच्या मेहुण्यांनी परदेशातून एक आणला. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, आरशासारखा चकचकीत, खालून वारा लागून तेल थंड व्हावं म्हणून पन्हाळ्या पाडलेल्या. आणि नाना देहूरोडच्या लष्करी मोडीतून एक उचलून घेऊन आले. तसाच गिअरबॉक्स कुठल्याशा लष्करी गाडीला असे, तिचा हा जाड पत्र्याचा चेंबर. गंजलेला, काळा. आमच्या नानीनं त्यात शेणसुद्धा भरलं नसतं. साहेबांनी दोन्ही बघितले आणि म्हणाले, "गाडी तू चालवणार, तूच ठरव."

यांचं परदेशीच ठरलेलं होतं. नानांनी तो चकचकीत चेंबर उपडा केला, पन्हाळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वस्तू झाक हाय. तेल गार ठिवंल, ह्यात वाद न्हाई. पर वतीव हाय. दगूड लागला तर तडा जाईल. पत्र्याला पोचा पडंल. पोचा घिऊन घरी येता येतं, तडा घिऊन न्हाई."

"दगड लागू द्यायचा की नाही, ते माझ्या हातात आहे," हे म्हणाले.

"घाटातला दगूड तुज्या हाताखाली नोकरीला हाय व्हय?"

यांचा चेहरा लाल झाला. "नाना, ही कांद्याचा ट्रक नाही," असं म्हणून यांनी अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर गाडीला चढवला. पुढे तीन-चार दिवस काका-पुतण्या एकमेकांशी बोलेनात. एका चुलीवरचं जेवत आणि मीठ मागायचं झालं तर माझ्यामार्फत. मला मेलीला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणून दोघेही माझ्यावर रागावलेले. नानांना मी विचारलं, "आता कसं व्हायचं?" तर म्हणाले, "काय न्हाई व्हत. पोचा हाय." आणि भाकरी चुरत राहिले.

शेवटी यांनाच राहवेना. गाडी महाळुंग्याच्या वाटेवर जरा दूर नेऊन परत आणली, चिंचेखाली लावली आणि नानांसमोर जाऊन उभे राहिले. "तुम्हाला नक्की काय वाटतं?" नाना म्हणाले, "मला नगं इचारू. खाली जाऊन पड, आन् तितनं रस्ता बग." हे नवा शर्ट अंगात असताना गाडीखाली गेले. मागोमाग नाना गेले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. गाडीखालून चार पाय बाहेर आलेले, दोन बुटातले, दोन अनवाणी. आत काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. बऱ्याच वेळानं आतून यांचा आवाज आला, "पाना दे गं." मी सूप बाजूला ठेवून उठले. चकचकीत चेंबर त्या दुपारी खाली उतरला.

काळ्या चेंबरला नानांनी रॉकेलनं धुतलं, राखेनं घासलं, रंग दिला. तरी तो एका कडेनं पाझरायचाच. पॅकिंग दोनदा बदललं, तेलाचा थेंब काही थांबेना. मी बोट दाखवलं की नाना म्हणत, "घाम हाय त्यो." नानांचं सगळंच बरोबर असे असं मी म्हणणार नाही. यांनी तेलाचे डबे जास्तीचे नेले, म्हणून निभावलं.

रॅली संपायची त्या दिवशी आम्ही पुण्याच्या मैदानावर जाऊन बसलो. गाड्या येत होत्या, टाळ्या पडत होत्या, हार पडत होते. आमची येईना. मांडव सोडायला माणसं आली तरी येईना. साहेब येरझाऱ्या घालत होते. मी नानांकडे बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेणारा हा माणूस नव्हे, तरी हलत होते. मग फाटकातून ती लांबलचक गाडी आली, बैलगाडीच्या चालीनं, एकाच गिअरवर, धुळीनं माखून. पण स्वतःच्या चाकांवर.

नाना आधी खाली गेले. मग साहेब पँट सांभाळत वाकले आणि अखेर तेही आडवे झाले. ताम्हिणीच्या चढावर दगड लागला होता. चेंबर नारळाएवढा आत गेला होता, आतली तेलाची जाळी दबली होती, पण पत्रा फुटला नव्हता. साहेब बाहेर आले, गुडघे झटकले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." अ‍ॅल्युमिनियमचा असता तर काय झालं असतं, हे कोणालाच ठाऊक नाही. नानांना मात्र ठाऊक होतं, आणि ते पुढे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत. तो चकचकीत चेंबर साहेबांनी आम्हालाच देऊन टाकला. त्यात नानी कोंबड्यांना पाणी ठेवी. पत्र्याचा चेंबर पुढे गाडीवरून उतरवला, तेव्हा हे पोचा ठोकून काढायला निघाले. नानांनी हातोडी काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. घरी आणलंय त्यानं तुला."

हे पर्मनंट झाले. ओट्यावर आम्हाला आधी चहा मिळू लागला. आणि मग एका हिवाळ्यात नाना ट्रकखालून बाहेरच आले नाहीत. पाय हलेनात म्हणून मी हाका मारल्या. अर्धांग. पिंपरीच्या दवाखान्यात त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात निर्जीव. आमचे हे एवढे थोराड, पण त्यांना बघून लहान मुलासारखे रडले. नाना बराच वेळ जिभेची जुळवाजुळव करत होते. मग तुटक तुटक म्हणाले, "रडतूस कशाला? पोचा... हाय." आणि त्या वाकड्या तोंडानं हसले. तेही घरी आले. काठी घेऊन चिंचेखाली बसत आणि दुसऱ्या मेकॅनिकांना खालून काय दिसतं ते विचारत.

दुसरा झटका पावसाळा सरता सरता आला. यांनी कंपनीतून थेट दवाखाना गाठला होता. दुपार कलली तेव्हा हे एकटेच परत आले. पायरीवर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तडा गेला गं."

यांना घोटभर चहा द्यावा म्हणून मी आत गेले. फळीवरून कप काढला, उपडा करून त्याचं बूड बघितलं, आणि मग मला रडू आवरेना.