मोठ्या बाईंची माणसांची वही

पैनगंगेपासून गोदावरीपर्यंतच्या सगळ्या सरकारी लोकांनी मिळून दुसऱ्याच्या घरात जेवढं नाक खुपसलं नसेल, तेवढं आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी एकट्या आमच्या गावात खुपसलं. हे मी पाठीमागे बोलत नाही, त्यांच्या तोंडावर बोललो आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "काकाजी, लेकरू शाळेत येते तं त्याच्यासंगं त्याचं घरबी येते. मी एकट्या लेकराले आत घेऊ अन् घराले दाराबाहेर कशी उभी ठिवू?"

गाव आमचं तलमडुगूच्या पलीकडचं, कापसा-ज्वारीचं. राज्य आंध्र प्रदेश, कागद तेलुगूत, शाळा मराठी. माझं शिक्षण त्याहून जुन्या राज्यातलं, निजामाच्या शाळेत दोन इयत्ता उर्दू; मराठी मी नंतर आपलं आपण शिकलो, कोणाचे उपकार घेतले नाहीत. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या हेडमास्तर. अंगानं काडी, उंचीनं ज्वारीचं धांडं, आणि हातात पुरुषी काळी छत्री. पाऊस असो, ऊन असो, नाही तर दोन्ही नसोत, छत्री उघडीच. त्यांची आई आमच्याच शेतात कापूस वेचायला यायची आणि आमच्या ओट्याखाली उभी राहून बोलायची. बाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या थेट ओटा चढून सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाका काकू, साखर कमी." मला ते टोचलं, खोटं काऊन बोलू? पण आमच्या म्हातारीनं पाहुण्यांचा कप काढला. पुढं तो कप त्यांचाच झाला.

दहाच्या घंटेला हजेरी आणि सव्वादहाला बाई गावात, असा त्यांचा नेम. जे लेकरू आलं नाही त्याच्या दारात छत्री उभी राहायची. लेकराला ताप असेल तर त्याच्या कपाळाला हात, मग आईच्या कपाळाला हात, मग "काल रात्री काय जेवले?" अशी सगळ्या घराची उलटतपासणी. कापूस वेचणीच्या दिवसांत एकानं चार पोरं शेतात लपवून ठेवली होती. बाई बांधावर गेल्या, छत्री मातीत रोवली आणि तिथंच बसून पाढे सुरू केले. पोरं म्हणू लागली, पोरांच्या आया म्हणू लागल्या, वेचणाऱ्या सगळ्या बाया ताल धरून म्हणू लागल्या, आणि बाराच्या पाढ्यापर्यंत वेचणी इतकी मंदावली की मालकानं स्वतः पोरांचे हात धरून त्यांना शाळेत आणून सोडलं. सिंदीच्या दुकानात पीत बसणाऱ्या बापांसाठी त्यांची तऱ्हा निराळी होती. शाळा सुटली की त्या दुकानासमोर उभ्या राहायच्या. आत जायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. फक्त मोठ्यानं सांगायच्या, "तुमच्या लेकीनं आज कविता न चुकता म्हटली वो. घरी ऐकवाले थांबून राह्यली." बाप खाली मान घालून बाहेर यायचा. दुकानदारानं वैतागून मागच्या भिंतीला दार पाडलं. दुसऱ्या दिवसापासून बाई मागच्या दाराशी.

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे त्यांची वही. सरकारी रजिस्टरच होतं ते, वर तेलुगू छापलेलं, पण आत बाईंचं स्वतःचं राज्य. शाळेतल्या प्रत्येक लेकराला त्या एकटं बोलावून विचारायच्या, "तुले भेव वाटलं, कोणी तरास देल्ला, काही दुखलं, तं तू कोणाले सांगशील? एका मोठ्या माणसाचं नाव सांग." मिळालेलं नाव वहीत लिहायच्या आणि मग वही काखेत मारून त्या माणसाच्या दारात. "हे लेकरू तुमाले सांगणार हाये. मधात बोलायचं नाई. मारायचं नाई. तुमच्यानं निस्तरत नसंल तं माह्यापाशी या. करा सही." एका पोरानं एसटीच्या कंडक्टरचं नाव सांगितलं, तर बाईंनी रस्त्यात छत्री आडवी धरून बस थांबवली आणि सगळ्या उतारूंसमोर त्याची सही घेतली. तो कंडक्टर तेव्हापासून त्या पोराला पुढच्या सीटवर बसवायचा आणि "आज काही सांगायचं हाय का?" असं दररोज विचारायचा. दुसऱ्या एकानं घरच्या म्हशीचं नाव सांगितलं. बाई विचार करून म्हणाल्या, "म्हैस ऐकते चांगली, ते मी मानते. पण माह्यापाशी येऊन सांगत नाई. दुसरं नाव दे."

आता मला माझं सांगावं लागेल. आमच्या घराण्यात भांडण म्हणजे बोलणं बंद. शिव्या नाहीत, हातघाई नाही. समोरून माणूस आला तर त्याच्या आरपार पाहायचं, जसा तो तिथं नाहीच. माझे वडील त्यांच्या मेहुण्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. कारण पुढं दोघांनाही आठवत नव्हतं, पण शिस्त मोडली नाही. माझा चुलतभाऊ गंगाराम समोरच्याच घरात राहतो. बांधावरच्या एका बाभळीवरून आमचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. माझा मुलगा उटनूरला कचेरीत होता. तिथं मराठी शाळा नाही म्हणून त्याची लेक वनिता आमच्याकडे ठेवलेली. सहावीत होती. गंगारामकडे ती येजा करायची. लेकरांना आम्ही भांडणात धरत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तलमडुगूच्या बाजारात बैलांच्या शिंगांसाठी गोंडे घेत उभा होतो. समोरून वनिता मैत्रिणींसंगं आली. माझ्याकडे पाहिलं. आणि आरपार पाहून निघून गेली! मी गोंडे हातात धरून तसाच. मनात म्हटलं, पोट्टीनं घराण्याचा गुण घेतला आणि पक्ष गंगारामचा घेतला. झालं, माझंही बोलणं बंद. साठीचा म्हातारा आणि अकरा वर्षांची पोर, एका घरात राहून एकमेकांशी बोलेनात. "तिले सांग, जेवून घे म्हना," असं मी म्हातारीला सांगायचो, आणि वनिता हातभर अंतरावर बसलेली असायची. त्यातच तिचे मार्क उतरले, फळ्यावरचं उतरवून आणताना अर्ध्या ओळी गळू लागल्या. मी जाहीर केलं, दिवाळीनंतर शाळा बंद. कापूस वेचील, चूल सांभाळील.

आणि आमच्या गल्लीत वही पहिल्यांदा येण्याचा दिवस उगवला. वनिता बोलत नसली तरी नाव माझंच सांगणार, याबद्दल मला शंका नव्हती. दुसरं कोणाचं सांगेल? मी धुतलेलं धोतर नेसून, सतरंजी झटकून ओट्यावर बसलो. छत्री दिसली, गल्लीत वळली, आमच्या दाराशी आली, आणि समोर गंगारामकडे गेली. गंगारामनं सही केली. मग मान वर करून अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

मी रात्रभर तळमळून सकाळी शाळेत गेलो.

"बाई, वहीत चूक झाली."

"कोनती?"

"वनिता माही नात हाये. नाव त्याचं काऊन?"

"तिनं सांगतलं तेच मी लिवलं."

"पोट्टीले काय समजते!"

"कोनापाशी बोलावं वाटते, हे तं तिलेच समजंल ना, काकाजी? बरं, तुमी तिच्यासंगं कवापासून बोलले नाई?"

हे घरातलं त्यांना कसं कळलं, असं विचारणार होतो. पण वहीतल्या माणसाचं कामच ते, गंगाराम येऊन सांगून गेला असणार. "पोळ्यापासून," मी म्हटलं. "सुरुवात तिनं केली. भरबाजारात मले पाहून वळख देल्ली नाई."

बाईंनी कधी नव्हे ती छत्री मिटली. "तुमी जरा फाटकापाशी जाऊन उभे राहा. आवाज करू नोका," म्हणाल्या. मी तरातरा जाऊन उभा राहिलो. मला काय भीती आहे? बाईंनी वनिताला वर्गातून बोलावून पायरीवर उभं केलं. "फाटकाजवळ कोन हाये, सांग."

वनितानं डोळे बारीक केले. मान एका अंगाला घातली, मग दुसऱ्या अंगाला. "कोनीतरी हाये. धोतर हाये." मग जरा थांबून, "गंगाराम आबाजी असतीन."

मला गंगाराम म्हटलेलं मी आयुष्यात दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेतलं नसतं. बाईंनी मला हातानं खूण केली. मी चार पावलं पुढं गेलो. "आता?" "गंगाराम आबाजीच." आणखी चार. आणखी चार. मी अगदी पायरीशी पोचलो तेव्हा पोरीचा चेहरा असा उजळला, "आबाजी!" आणि लगेच तिनं तोंड मिटून खाली पाहिलं. कारण आमचं बोलणं बंद होतं ना.

म्हणजे बाजारात तिनं मला आरपार पाहिलंच नव्हतं. तिला मी दिसलोच नव्हतो. दोन महिने मी एका अधू दृष्टीच्या पोरीशी अबोला धरला होता, आणि ती बिचारी समजत होती की आबाजी कशावर तरी रुसले आहेत. फळा दिसत नाही हे तिनं आदल्या संध्याकाळी, सही होताक्षणी, गंगारामला सांगितलं होतं. तो सकाळीच बाईंना सांगून गेला. माझ्या घरचं दुखणं मला कळायला गावाला वळसा पडला.

पण मी लगेच वाकलो असं कोणी समजू नये. "चष्मा?" मी म्हटलं. "आमच्या सात पिढ्यांत कोनाले नाई. पोरीच्या जातीले चष्मा लावला तं उद्या लगन कसं होईल?"

"अन् नाई लावला," बाई म्हणाल्या, "तं पोरगी नवऱ्याले बी बाजारात वळखनार नाई. मंग तुमच्यासारखा असला तं तोबी बोलनं बंद करंल."

वनिता फिसकन हसली. मीही हसलो असेन, आठवत नाही.

"अन् दिवाळीनंतर नाव काढनार हाये म्हने तिचं?"

"कोन म्हनते?" मी म्हटलं. "आमी असं बोललोच नाई." आणि तेव्हापासून मी तसं बोललोच नव्हतो, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला न्यायचं ठरलं. बाईंनी फर्मान काढलं, "वहीत नाव त्यांचं हाये, घर तुमचं हाये. दोघंबी जा." म्हणून एका सीटवर मी, गंगाराम, आणि मधात वनिता. "त्याले सांग, खिडकी लाव म्हना, धूळ येऊन राह्यली." वनिता त्याला सांगे. "त्याले सांग, खिडकी मी उघडली नाई, ते मोडकी हाये." वनिता मला सांगे. अर्ध्या वाटेत पोर झोपी गेली आणि आमची पंचाईत झाली. बराच वेळ धूळ खाल्ल्यावर गंगाराम खिडकीबाहेर पाहत, कोणालाच नाही असं म्हणाला, "बाभूळ मागच्याच साली वाळली." मी म्हटलं, "मले मालूम हाये." अकरा वर्षांनंतर एवढंच बोलणं झालं. पण परतीच्या बसमध्ये त्यानं मला चुन्याची डबी दिली.

चष्मा आला तेव्हा वनितानं तो लावून आधी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, काही मोठं बोलेल. ती म्हणाली, "आबाजी, तुमच्या कानात किती केस हायेत!" ते दिवाळीचे दिवस आमच्या घरात काय हसण्याचे गेले, सांगता येत नाही. समोरून येणारं माणूस ओळखलं की ती नावानं हाक मारायची. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला नुसता तिचा आवाज.

पण वहीत नाव गंगारामचंच होतं. मी बाईंना गाठून म्हटलं, "आता तं बदला." त्या म्हणाल्या, "मी नाई बदलत. पोरगी बदलंल तवा बदलीन." त्यानंतर दर वर्षी जून महिन्यात नवी वही निघायची, आणि दर वर्षी मी धुतलेलं धोतर नेसून बसायचो. सातवीला छत्री समोर गेली. आठवीलाही समोरच गेली. परत जाताना बाई आमच्या ओट्यावर चहा घ्यायच्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणायच्या, "ऐकायची सवय लावा, काकाजी. तुमी फार लवकर सांगाले लागता." हे मला दुसरं कोणी म्हटलं असतं तर त्याचंही बोलणं बंद झालं असतं.

वनिता नववीत गेली त्या साली बाईंची बदली भैंशाकडे झाली. निघताना शंभर-एक लेकरं रडली. सिंदीचा दुकानदार सगळ्यांत मोठ्यानं रडला. त्याचं कारण त्यालाच माहीत. नवीन सर आले ते भले होते, वेळेवर यायचे, खुर्चीत बसायचे. वही कुठं गेली कोणी विचारलं नाही.

एका संध्याकाळी मी ओट्यावर वैरण बांधायचे दोर वळत होतो. वनिता आली, चष्मा पुसला, शेजारी बसली आणि म्हणाली, "आबाजी, तुमाले एक सांगायचं हाये." माझ्या तोंडाशी चार सल्ले आणि दोन दटावण्या तयार होत्या. मी दोर दातात धरला. ती बोलत राहिली, अंधारून येईपर्यंत बोलली, आणि मी एक शब्द काढला नाही. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, तिनं ते मला सांगितलं आहे. बोलून झाल्यावर ती हलकी होऊन आत गेली, म्हातारीला भाकरी थापू लागली, आणि गाणंही गुणगुणू लागली.

मी तसाच बसून राहिलो. गल्ली रिकामी होती. मला फार वाटलं, कोणीतरी आत्ता वळणावरून यावं आणि माझी सही घ्यावी.