उसना गडी

लेकीच्या इंग्लंडमधल्या खेड्यात फिरताना एक उतरतं कुरण दिसलं. शेजारचे आजोबा म्हणाले, "व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथं गावचा फुटबॉल क्लब खेळायचा. दोनच हिवाळे टिकला."

"का हो?"

"दगडाची खाण बंद पडली, पोरं कामाला शहरात गेली. शेवटच्या सामन्याला अकराजण भरेनात, म्हणून समोरच्या गावानं आपला एक गडी उसना दिला. त्यानंच गोल मारला आणि आमचा क्लब पहिल्यांदा जिंकला."

स्वतःच्या गावावर गोल मारून तो घरी कुठल्या तोंडानं गेला असेल? मी तसं विचारलंही.

आजोबा हसले. "गेलाच नाही. इथलीच मुलगी केली त्यानं. माझे पणजोबा ते."

मी त्या कुरणाकडे बघत राहिले. सगळे गाव सोडून निघाले होते, तेव्हा एकजण राहायला आला होता.