ऑइलचा डबा

पुढच्या रिक्षातून जळक्या ऑइलचा वास आला, की मला पातूरचा घाट आठवतो. अकोल्यात वकिली करत होतो तेव्हा माझ्या जुन्या गाडीतलं ऑइल दर आठवड्याला कमी व्हायचं. संशय ड्रायव्हर नामदेववर. नुकताच बौद्ध झालेला, मान वर करून बोलणारा, म्हणून जरा जास्तच. ऑइलचा डबा मी कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली.

एकदा घाट उतरल्यावर त्यानं ॲक्सिलरेटर जोरात दाबला. "वकीलसाहेब, आता मांगं पाहा." मागच्या काचेबाहेर निळा धूर दाटला होता. "तेल मी नाई नेत, साहेब. हे इंजिनच पिऊन राहिलं."

मिस्त्रीनं इंजिनातल्या पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलल्या. ऑइल कमी होणं थांबलं. किल्ली मात्र पुढं वर्षभर जानव्यालाच राहिली.